जावयाने निवडलेली नळी

मी आयुष्यात एकदाही बंदूक चालवलेली नाही. लहानपणी जत्रेत फुगे फोडायची छऱ्याची बंदूक एकदा हातात घेतली होती. फुगे सगळे शाबूत राहिले आणि फुगेवाल्याने मला दोन छरे जास्तीचे दिले, कीव येऊन. आमच्या घरात झुरळ दिसलं तर मी खुर्चीवर चढून बायकोला हाक मारतो. असा मी, आणि तेही सिंगापुरात, जिथे बंदूक हा शब्द एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, मोठ्याने उच्चारायलाही जीभ कचरते, सलग तीन आठवडे रायफलीची नवी नळी निवडत होतो. माझ्यासाठी नाही. माझ्या बायकोच्या दादासाठी.

दादा ऑस्ट्रेलियात असतो. शहरात नाही, मेंढ्यांच्या मुलखात. तिथल्या दुधाच्या कारखान्यात त्याने तीस वर्षं यंत्रं सांभाळली आणि निवृत्त झाल्यावर तिथेच राहिला. चार वर्षांपूर्वी वहिनी गेली. मूलबाळ नाही. आम्ही दर रविवारी सांगतो, "इकडे या." तो दर रविवारी म्हणतो, "बघू." मग कळलं की त्याला अडवणारा एक शनिवार आहे.

त्याच्या गावाबाहेर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची टेकडी आहे. तिथे ससे कुरणं पोखरतात आणि कोल्हे नुकत्याच जन्मलेल्या कोकरांवर येतात. अशा उपद्रवी जनावरांना लांबून टिपायची एक वेगळी रायफल असते. तिकडे तिला व्हार्मिंट रायफल म्हणतात. गोळी छोटी, वेग अफाट. दादाकडे तिचा परवाना आहे, म्हाताऱ्याची लेखी परवानगी आहे, आणि फाटकाच्या कुलपाची एक किल्लीही म्हाताऱ्याने त्याला दिली होती. दर शनिवारी दादा फाटक उघडून टेकडीवर जायचा आणि उतरल्यावर दोघं म्हाताऱ्याच्या स्वयंपाकघरात चहा पीत बसायचे. फारसं बोलायचे नाहीत म्हणे. एकाला मराठी येत नाही आणि दुसऱ्याला बोलायचीच सवय नाही.

चातुर्मासात कांदा न खाणारा आमचा दादा कोल्ह्यावर नेम धरतो, हे माझ्या सासूबाईंना आम्ही कधीच सांगितलं नाही. त्या गेल्या त्या "मुलगा मेंढ्या राखतो" या समजुतीतच गेल्या. तसं ते खोटंही नव्हतं.

एका रविवारी पोह्यांची बशी पुढ्यात घेऊन आम्ही फोन लावला तर दादाचा चेहरा उतरलेला.

"काय रे, बरं नाही का?" बायकोने विचारलं.

"बरा आहे. किल्ली परत देऊन आलो."

झालं होतं असं की गेले काही आठवडे त्याचा नेम इकडे तिकडे जात होता. आदल्या दिवशी कोल्ह्याला गोळी लागली ती मागच्या पायाला. कोल्हा लंगडत झुडपात गेला. दादाने दिवस मावळेपर्यंत शोधला, सापडला नाही. खाली येऊन त्याने किल्ली म्हाताऱ्याच्या टेबलावर ठेवली. म्हातारा एवढंच म्हणाला, की नीट लागणार नसेल तर मारायचंच नाही, हे बरोबर आहे. मग टेबलावरचा चहाचा मग त्याने पालथा घातला. "तीनशे मीटरवर पाच गोळ्या याच्या तोंडात बसव. मग किल्ली घेऊन जा. कोकरं यायच्या आत."

कोकरं यायला दोन महिने होते.

"चष्म्याचा नंबर वाढला असेल," बायको म्हणाली.

"नाही गं. नळी गेलीय." दादाने बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे नळीत बारीक कॅमेरा घालून काढलेला फोटो पाठवला. आत जिथून गोळी सुटते, त्या जागेला ते लोक घसा म्हणतात. तो घसा उन्हाळ्यातल्या तळ्यासारखा तडकलेला होता. हजारो गोळ्यांच्या आगीने जळालेला. बाकी रायफल धडधाकट होती. फक्त नळी बदलायची.

आणि इथे मी बशी खाली ठेवली.

कारण तुआसच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या आमच्या कंपनीत मी गेली अठरा वर्षं हेच करतो. हायड्रॉलिक सिलिंडरच्या पोटात कॅमेरा घालायचा, भिंती मोजायच्या आणि "गेला" किंवा "चालेल" असं लिहायचं. नळी ही एकच गोष्ट या जगात अशी आहे की जिच्याबद्दल बोलताना माझ्या घरातले लोक मला मध्येच तोडत नाहीत. मी म्हणालो, "दादा, निवड माझ्यावर सोपवा."

"बघा बरं का, जावईबापू. तुम्ही म्हणाल ते."

हे "तुम्ही म्हणाल ते" मी कौतुक म्हणून घेतलं. पुढची सगळी भानगड तिथून सुरू झाली.

नळी निवडायला फार गोष्टी नसतात. लांबी किती, जाडी किती आणि आतला पीळ किती. नळीच्या आत भिंतीला पिळाचे आटे असतात, त्यांनी गोळीला गिरकी मिळते आणि ती सरळ जाते. जड, लांबट गोळीला घट्ट पीळ लागतो, हलक्या गोळीला सैल पुरतो. एवढंच. पण मी तक्ता केला. आमच्या घरात तक्त्याशिवाय मिक्सरसुद्धा आलेला नाही. या तक्त्यात सतरा ओळी होत्या, फाइलचं नाव होतं "नळी", आणि मी ती फक्त घरी उघडायचो. एकदा एमआरटीत फोनवर एका नळीचं चित्र बघत होतो, तर शेजारी एक गणवेशातला माणूस येऊन उभा राहिला. मी घाईघाईने बोट फिरवलं आणि वॉशिंग मशीनची जाहिरात उघडून तिच्याकडे तीन स्टेशनं टक लावून बघत बसलो. तो माणूस सुरक्षारक्षकसुद्धा नव्हता. लिफ्ट दुरुस्त करणारा होता, पाठीवर तसं लिहिलेलं होतं.

"बाबा, यू गूगलिंग गन बॅरल इन सिंगापोर? सियाओ आह?" आमची कन्या. वय सतरा. सियाओ म्हणजे वेडा, हे मला तिच्याकडूनच कळलं आणि त्यानंतर रोज ऐकू येतं.

"मामासाठी आहे. तिकडेच विकत घेणार, तिकडेच बसवणार."

"देन लेट मामा चूज, लाह."

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. मुलांना अनुभव नसतो.

माझा अनुभव काय होता, तर पुण्याला माझ्या आईने मला सहावीत घेतलेली पँट मी नववीपर्यंत घातली. कपडा घ्यायचा तो वाढत्या अंगाचा. भांडं घ्यायचं ते हातात जड लागेल असं. कुकर पाच लिटरचा, माणसं तीन असली तरी, कारण पाहुणे येतात. त्याच न्यायाने मी दादाची नळी निवडली. जाडीत सगळ्यात जाड, कारण जाड नळी तापून लवकर वाकडी होत नाही. लांबीत सगळ्यात लांब, कारण गोळीला वेग जास्त. पीळ सगळ्यात घट्ट, कारण आज हलक्या गोळ्या वापरत असला तरी उद्या जड वापराव्याशा वाटल्या तर? आणि स्टेनलेस, हे तर सांगायलाच नको. तक्त्यात "वजन" असा एक रकाना होता. जितकं जास्त तितके जास्त गुण, असं मीच ठरवलं होतं.

दोन रविवार मी दादाला तक्ता समजावून सांगितला. तो मान हलवत होता. मध्येच एकदा म्हणाला, "कारागीर म्हणत होता, की..." आणि मग, "जाऊ दे. तुमचं बरोबर आहे." दुसऱ्यांदा खांदा चोळत म्हणाला, "जरा जड नाही ना होणार?" मी म्हणालो, "दादा, वजन म्हणजेच स्थैर्य!" हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते दोनदा म्हटलं.

"बरं," दादा म्हणाला. "सोमवारी ऑर्डर देतो. कारागीर म्हणाला, एकदा नळी कापायला घेतली की बदलता येणार नाही. आणि कोकरांच्या आधी त्याच्याकडे हीच एक तारीख रिकामी आहे."

फोन ठेवला. सकाळचे साडेदहा वाजले होते. बायको बशा उचलत होती आणि तिने अगदी सहज विचारलं, "अहो, दादा गाडीत बसून मारतो का?"

"छे. टेकडी आहे ती. गाडी फाटकापाशी थांबते. चाळीस मिनिटं चढ आहे, त्यानेच सांगितलंय."

"आणि ती रायफल कोण उचलतं?"

मी तिच्याकडे बघितलं. सतरा ओळींच्या तक्त्यात हा रकाना नव्हता.

"सगळी मिळून किती होईल?" तिने विचारलं. मी बेरीज केली. दुर्बीण धरून सहा किलो. आधीची साडेचार होती.

"दीड किलोने काय होतं?" मी म्हणालो. हे मी म्हणायला नको होतं.

आमच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात कपडे वाळत घालायचा एक बांबू होता, मध्येच मोडलेला, टाकून द्यायचा राहिलेला. बायकोने तो काढला. पाच किलो तांदळाची पिशवी आणली आणि त्याच्या पुढच्या टोकाकडे सुतळीने बांधली. वर तूरडाळीची किलोची पिशवी.

"एवढं पुढे का बांधतेस?"

"नळी पुढेच असते ना? का तुमच्या तक्त्यात मागे असते?"

"अगं, पण सगळं वजन काही..."

"चला. खाली लिफ्टने जा आणि वर जिन्याने या. अकरा मजले. खांद्यावर नाही हं, दोन्ही हातांत आडवा धरून."

चोआ चू कांगमधल्या आमच्या ब्लॉकचा जिना उजेडाचा आणि स्वच्छ आहे. तिसऱ्या मजल्यापर्यंत मी शीळ घालत होतो. पाचव्यावर शीळ थांबली. सातव्यावर माझ्या लक्षात आलं की दोन्ही हातांत धरला तरी बांबूचं पुढचं टोक सारखं खाली जातंय आणि ते वर धरून ठेवणारा स्नायू माझ्याकडे बहुधा नाहीच. मी कठड्यावर तांदूळ टेकवून उभा राहिलो. तेवढ्यात सातव्या मजल्यावरची चिनी आंटी कुंडीला पाणी घालायला बाहेर आली. तिने मला बघितलं, बांबू बघितला, तांदूळ बघितले.

"अय्यो अंकल! लिफ्ट स्पॉइल आह?"

"नो नो, लिफ्ट ओके."

"देन व्हाय यू कॅरी राइस लाइक दॅट?"

मला खरं सांगता येईना. या देशात शेजारणीला "रायफलीचा सराव करतोय" असं सांगणं शहाणपणाचं नव्हे. "एक्सरसाइज," मी म्हणालो.

तिने माझ्या पोटाकडे बघितलं आणि मान डोलावली. "गुड, गुड. मस्ट डू एव्हरी डे."

अकराव्या मजल्यावर पोचलो तेव्हा दारामागे बायको आणि कन्या दोघी असणार हे मला माहीत होतं. त्यांना हाक मारण्यापेक्षा मेलेलं बरं म्हणून मी खिशातून किल्ली काढली. आमच्या लोखंडी जाळीच्या दाराचं कुलूप माझ्या नाकासमोर होतं. किल्ली आत जाईना. हात असे थरथरत होते की एकदा वर लागली, एकदा बाजूला, एकदा हातातून निसटून चपलांच्या स्टँडखाली गेली.

आतून बायकोचा आवाज आला, "तीनशे मीटर नाही हो. एक वीत आहे."

मी दारातच बसलो. माझं वय बावन्न. दादाचं त्रेसष्ट. आणि समोर म्हाताऱ्याच्या चहाच्या मगाचं तोंड, तीनशे मीटरवर. हे थरथरते हात घेऊन दादा टेकडीच्या माथ्यावर पालथा झोपणार आणि त्याचा नेम चुकणार. लांब, जाड, स्टेनलेस नळी असूनसुद्धा. किल्ली तिथल्या टेबलावर राहणार, आणि शनिवारी तो घरात बसणार, एकटा.

बायकोने दार उघडलं. हसत होती, पण माझा चेहरा बघून थांबली. पाण्याचा तांब्या दिला.

"फोन लाव त्याला," मी म्हणालो.

दादाने फोन उचलला तो भाजी चिरता चिरता. मी आढेवेढे न घेता सांगितलं, "दादा, माझं चुकलं. ती नळी घेऊ नका. फार जड आहे."

पलीकडे सुरी थांबली. मग दादा हसायला लागला. आधी हळू, मग अगदी डोळे पुसण्याइतका.

"हसतोयस काय?" बायको.

"अगं, कारागीर तीन आठवडे हेच सांगतोय. तो म्हणाला, ही नळी टेबलावर बसून मारणाऱ्याची आहे, चालणाऱ्याची नव्हे. आणि पीळ इतका घट्ट घेतलास तर तुझ्या पातळ कवचाच्या हलक्या गोळ्या वाटेतच फुटतील. माझ्याकडे त्याच गोळ्यांचे डबेच्या डबे पडलेत."

"मग तू बोलला का नाहीस?"

"आणि हा खांदा. गेल्या वर्षी जखडला होता, अजून पुरता वर जात नाही."

"दादा! मग बोलला का नाहीस?"

त्याने सुरी बाजूला ठेवली. "असं कसं बोलणार? जावईबापूंनी इतका तक्ता केला. सतरा ओळी. आपल्याकडे जावयाचा शब्द कुणी मोडलाय का कधी?"

हे खरं होतं. माझ्या सासरी बावीस वर्षांत मला कुणी "नाही" म्हटलेलं नव्हतं. मी सांगितलेल्या रंगाने त्यांनी दिवाणखाना रंगवला होता, त्यात नंतर दिवसासुद्धा दिवा लावावा लागायचा. मी सुचवलेल्या डॉक्टरकडे सासरे दोन वर्षं जात होते, आणि त्या डॉक्टरला ते मनापासून कंटाळलेले होते हे मला त्यांच्या पश्चात कळलं. मला वाटायचं माझं सगळं बरोबर असतं. मी फक्त जावई होतो.

"दादा," मी म्हणालो, "आजपासून जावयाचा शब्द मोडायचा. माझी आज्ञा आहे."

"ही तरी मोडू का?" दादा म्हणाला.

कन्या मागून ओरडली, "मामा, यू चूज, लाह! बाबा कॅनॉट!"

मग दादाने निवडली. खरं म्हणजे त्याने आधीच निवडलेली होती, फक्त मला सांगितली नव्हती. मध्यम जाडीची, जुन्या नळीपेक्षा दोन इंच आखूड, पीळ त्याच्या डब्यांतल्या गोळ्यांना जुळेल असा सैल. एकदा गोळी मारली की नळी थंड व्हायला थोडा वेळ थांबायचं, एवढंच. "मला घाई कुठे आहे," तो म्हणाला. माझ्या हट्टाखातर स्टेनलेस मात्र घेतली. "तुमची एक ओळ ठेवली हो," असं म्हणाला. तो हे मनापासून म्हणाला की पुन्हा भिडेखातर, हे मी विचारलं नाही.

नळी बसायला पाच आठवडे लागले. त्या काळात आम्ही तो बांधलेला तांदूळ सोडवून खाल्ला. मी आठवड्यातून दोनदा जिन्याने वर येऊ लागलो, कारण सातव्या मजल्यावरची आंटी लिफ्टपाशी भेटली की "अंकल, टुडे नो राइस?" असं सगळ्यांसमोर विचारायची.

आणि मग एका शनिवारी दुपारी दादाचा फोटो आला. पांढरा कागद. त्यावर म्हाताऱ्याने खरोखरचा मग पालथा ठेवून पेन्सिलने गोल काढला होता, जरा वाकडा. आत चार भोकं, एकमेकांना खेटून. पाचवं बरोबर पेन्सिलीच्या रेषेवर.

आम्ही तिघं फोनवर वाकलो. मी मोठं करून बघितलं. अठरा वर्षांचा माझा अनुभव सांगत होता की हे अर्धं आत आहे, अर्धं बाहेर. कंपनीत असतं तर मी काय लिहिलं असतं, ते मला खरंच सांगता येणार नाही.

बायकोने थेट फोन लावला. "आत धरलं का त्याने?"

"चष्मा लावून बघितलं," दादा म्हणाला. "कागद खिडकीपाशी नेला. मग परत आणला. मग म्हणाला, वारा होता."

"म्हणजे?"

"म्हणजे चहा टाकला त्याने."

"दादा, किल्ली!"

दादाने फोनचा कॅमेरा भिंतीकडे वळवला. त्याच्या दाराशेजारी भिंतीवर वहिनीने लावलेली हुकांची लाकडी पट्टी आहे. तिथे एका हुकाला जुनी पितळी किल्ली लटकत होती. अजून जराशी हलत होती, म्हणजे त्याने ती आत्ताच अडकवली असावी.

"चढताना जड झाली का हो?" मी विचारलं.

"छे," दादा म्हणाला. "मध्ये एकदाच थांबलो. तेसुद्धा मेंढ्या बघायला."